जुन्या मोटरसायकलचा हेडलाईट स्वतः दुरुस्त करायचा तर

दिवाळी सरली की आमच्या भागात हेडलाईटच्या तक्रारी सुरू होतात. सहाला अंधार पडतो, कापूस वेचणी चालू असते, हरभऱ्याच्या ओलितासाठी लाईन बरेचदा रात्रीची येते. पांदणीने निघावं तर समोरून कापूस भरलेली बंडी येत असते, तिला ना लाल काच ना रेडियम. जंगलाकाठी रोही आणि रानडुकरं रस्ता ओलांडतात. एरवी ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो हेडलाईट एकदम आठवतो, आणि मग वाक्य ठरलेलं असतं, "दादा, कालच नवा बल्ब टाकला, तरी मिणमिणच करून राह्यला."

नवा बल्ब मिणमिण करतो कारण बिघाड बल्बमध्ये नव्हताच. ठिबकच्या नळीत क्षार साचला की टोकाच्या झाडाला पाणी पोचत नाही, तसंच पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत होतं. मॅग्नेटपासून (इंजिनासोबत फिरून वीज तयार करणारा भाग) निघालेला करंट स्विचमध्ये, गंजलेल्या जोडात आणि सैल अर्थिंगमध्ये अडत-अडत बल्बपाशी येतो. म्हणून बल्ब बदलायच्या आधी बल्बपर्यंत काय पोचतं ते बघायचं. खाली सगळं त्याच क्रमाने आहे.

हे स्प्लेंडर, पॅशन, सीडी १००, बॉक्सर, सीटी १००, आरएक्स १०० अशा साध्या गाड्यांसाठी लिहितो आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू तर हेडलाईट चालू हा नियम लागला, त्यांना दिवा बंद करायचा स्विचच नसतो. त्या गाड्यांची वायरिंगही वेगळी आहे, त्यांत हे जसंच्या तसं लावू नका.

करंट येतो कुठून

गाडी बंद ठेवा, किल्ली फिरवा, हेडलाईटचा स्विच चालू करा. दिवा लागला तर तो बॅटरीवर, म्हणजे डीसीवर आहे. लागला नाही, पण किक मारल्यावर लागला, तर तो मॅग्नेटवर, म्हणजे एसीवर आहे. जुन्या १०० सीसी गाड्या बहुतेक दुसऱ्या प्रकारातल्या. त्यांचे हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाईट बॅटरीवर चालतात. हेडलाईट आणि बहुधा मागचा दिवा मॅग्नेटच्या लाईट कॉइलवर.

म्हणून अशा गाडीचा दिवा उभ्या गाडीत मंद असतो आणि रेस दिली की उजळतो. तो बिघाड नाही, ती गाडी तशीच बनवली आहे. चाळीसच्या वेगातही खड्डा दिसत नसेल तेव्हा बिघाड म्हणायचा.

मॅग्नेट आणि दिवा यांच्यामध्ये एक आरआर युनिट, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, असतं. पंख्यासारख्या पात्या असलेला ॲल्युमिनियमचा छोटा डबा, टाकीखाली किंवा साईड कव्हरच्या आत. काही मिस्त्री त्याला कटआऊटही म्हणतात. रेस वाढली की मॅग्नेटचा व्होल्टेजही वाढतो. जास्तीचा भाग हे युनिट चेसिसमध्ये उतरवून टाकतं आणि सोबत बॅटरीही चार्ज करतं. युनिट बिघडलं किंवा त्याचंच अर्थिंग सुटलं की व्होल्टेजला लगाम राहत नाही. दर महिन्याला बल्ब उडत असेल, आणि बल्बचे दोन्ही तंतू एकदम जात असतील, तर बल्बच्या कंपनीला शिव्या देऊ नका, हे युनिट बघा.

आता तो गावोगावचा सल्ला, "हेडलाईट बॅटरीवर करून टाक." हिशेब करू. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर जवळपास ३ अँपिअर ओढतो. किकवाल्या स्प्लेंडरची बॅटरी २.५ अँपिअर-तासाची. भरलेली असली तरी तासभरही पुरत नाही, आणि जुनी असली तर अर्ध्या तासातच हॉर्नचा आवाज बसतो. चार्जिंगची बाजू एवढा भार उचलायला बनवलेली नसते. गाडी खरोखर डीसीवर न्यायची असेल तर मॅग्नेटच्या कॉइलचं अर्थ सोडवून घ्यावं लागतं, फुल-वेव्ह युनिट लावावं लागतं आणि बॅटरीही मोठी घ्यावी लागते. ते काम होतं, पण वाइंडिंग जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून. नवख्याने घरी करायचं नाही.

काय जमवायचं

चांगल्या टोकाचा मोठा स्टार पेचकस (बोथट नको, जुन्या स्क्रूचं डोकं लगेच गोल होतं), ८ आणि १० चा पाना, पक्कड, बारीक पॉलिश पेपर, आणि एक मल्टिमीटर. पिवळा स्वस्त मीटर या कामाला पुरतो. त्यावर एसीसाठी २०० आणि ७५० असे दोनच टप्पे असतात, तो २०० वर ठेवायचा. डीसीसाठी २० वर. मीटर नसेल तर इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि त्याला हातभर लांबीच्या दोन वायरी जोडा, झाला टेस्ट लॅम्प.

वायर घेताना ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानातली अनेक तारांची तांब्याची, १ चौरस मिलिमीटरची घ्या. स्पीकरची वायर नको. घरच्या वायरिंगमधली एकेरी जाड तार तर मुळीच नको, गाडीच्या थरथरीने ती तुटते. सोबत बुलेट कनेक्टर (एकात एक सरकणारे जोड), गोल थिंबल (बोल्टाखाली बसणारी वायरीची कडी) आणि हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी). स्लीव्हचा आग्रह धरतो आहे तो आपल्याकडच्या उन्हाळ्यामुळे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीवरची साधी काळी टेप गोंद सोडते, घसरते आणि जोड उघडा पडतो. पहिल्या मिरगाच्या पावसात त्याच जोडाला गंज धरतो.

काही न उघडता जे कळतं

अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करा आणि इंजिन चालू ठेवा. हे मोकळ्या जागेतच, बंद खोलीत नाही.

हँडल सावकाश पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा. दिवा फडफडला किंवा गेला तर मानेपाशी, म्हणजे हँडल जिथे चेसिसमध्ये फिरतं तिथे, वायर आतून तुटत आली आहे. वरचं प्लॅस्टिक धड दिसतं आणि आतल्या तारांतल्या दोन-तीनच शाबूत उरलेल्या असतात. जुन्या गाडीत हे फार आढळतं, आणि बल्ब बदलून ते कधीच जात नाही.

मग डिपरचा स्विच अर्धवट दाबून, अप्पर (लांबचा उजेड) आणि डिपर (जवळचा उजेड) यांच्या मध्ये हलवून बघा. बोटाच्या दाबानुसार उजेड कमी-जास्त होत असेल तर स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत.

आता मागे जाऊन मागचा दिवा बघा. मागचा झकास आणि पुढचाच मंद असेल तर मॅग्नेट ठीक आहे, बिघाड पुढच्या वाटेवर आहे. दोन्ही मंद असतील तर मागे, युनिट किंवा कॉइलकडे शोधा. फक्त अप्पर किंवा फक्त डिपर गेला असेल तर बहुतेक वेळा तंतूच जळालेला असतो. या एकाच वेळी थेट बल्ब बदलायला हरकत नाही.

डूम उघडणं

डूम म्हणजे काच आणि आरसा असलेला हेडलाईटचा पुढचा भाग. किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. दिवा चालू होता तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. हॅलोजनची काच बोट भाजण्याइतकी तापते.

गोल हेडलाईटला रिंग असते. तिचे बाजूचे किंवा खालचे स्क्रू काढून रिंग खालून पुढे ओढायची आणि वरची आकडी सोडवायची. चौकोनी डूमला वायझरच्या दोन्ही बाजूंना स्क्रू किंवा बोल्ट असतात. स्क्रू गंजला असेल तर थेंबभर तेल सोडून रात्रभर राहू द्या, जोर लावून डोकं गोल करण्यापेक्षा ते बरं. डूम बाहेर आला की त्याला वायरीवर लोंबकळू देऊ नका, टाकीवर कापड टाकून त्यावर ठेवा. आणि काही सोडवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. एका बाजूने नाही, दोन्ही बाजूंनी.

आत उंदराने कुरतडलेली वायर निघाली तर नवल नको. धान्याच्या पोत्यांशेजारी उभ्या गाडीत हे होतंच. कुरतडलेला तुकडा टेपने झाकू नका, कापून नवा टाका.

बल्बपाशी मोजमाप

बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर व्होल्ट मोजू नका. भार नसेल तर गंजलेला जोडही पूर्ण व्होल्ट दाखवतो आणि तुम्ही खुशाल "करंट येतोय" म्हणून बल्बला दोष देता. बल्ब जागेवर, दिवा लागलेला, आणि मीटरची टोकं होल्डरच्या मागून वायरीच्या खाचेत घालून मोजायचं. बॅटरीची वायर त्यासाठी परत जोडा, हात आणि वायरी हलत्या भागांपासून लांब ठेवा.

मध्यम रेस दिल्यावर एसी गाडीत १२ ते १४ च्या आसपास आकडा यायला हवा. स्वस्त मीटर एसीचा आकडा थोडा इकडेतिकडे दाखवतो, दशांशाच्या मागे लागू नका. १६-१७ च्या वर गेला तर रेस लगेच सोडा आणि आरआर युनिट तपासा, आधी त्याचं अर्थिंग. रेस देऊनही ९-१० वर अडकला असेल तर आरआर युनिटच्या कपलरवर (वायरींचा प्लॅस्टिकचा जोड) लाईटच्या वायरीला मोजा. तिथे १३ आणि बल्बपाशी ९ असेल तर मधले चार व्होल्ट वाटेत जातात, आणि ते शोधायचेच. तिथेही कमी असेल तर दोष युनिटमध्ये किंवा कॉइलमध्ये. इंजिन बंद करून कॉइलची लाईटची वायर कपलरमधून सोडवा आणि ती व चेसिस यांच्यामध्ये ओहम मोजा. फार छोटा आकडा आला तर कॉइल अखंड आहे, मीटरने काहीच दाखवलं नाही तर तुटली आहे.

यानंतर अर्थिंग. एक टोक होल्डरच्या अर्थ वायरीला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, दिवा लागलेला आणि रेस मध्यम. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा-एक व्होल्ट दाखवला तर तेवढा उजेड तुम्ही गंजाला देताय. मीटर नसेल तर एक जाड वायर घेऊन होल्डरची अर्थ आणि इंजिनचा धातू थेट जोडून बघा. उजेड चटकन वाढला तर दोष तिथेच. माझ्या अनुभवात मंद दिव्याच्या तक्रारी या एका तपासणीत सगळ्यात जास्त निकाली निघतात, आणि नेमकी हीच कुणी करत नाही.

काही जण करंट आहे का हे वायर चेसिसला घासून ठिणगी पाडून बघतात. डोक्यावर पेट्रोलची टाकी असते. नका करू.

बल्ब निवडताना

जुना बल्ब खिशात घालून दुकानात जा. तीन गोष्टी जुळायला हव्यात, व्होल्ट, वॅट आणि बूड. जुन्या राजदूतसारख्या काही गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. त्यांत १२ चा बल्ब नुसता लाल होतो, आणि १२ च्या गाडीत ६ चा टाकला तर पहिल्या रेसलाच जातो. बुडाचे प्रकार अनेक. नव्या पद्धतीच्या डूममध्ये तीन पात्यांचा एचएस१ हॅलोजन येतो, १२ व्होल्ट ३५/३५ वॅट. जुन्या डूममध्ये पाठीमागे दोन टिकल्यांचा साधा बल्ब असतो. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

दुकानदार एच४ पुढे करेल, ६०/५५ वॅटचा. तो एचएस१ च्या जागी जवळपास बसतोही. पण १०० सीसीच्या मॅग्नेटमध्ये ६० वॅटचं बळ नाही. तंतूला पुरेसा करंट मिळत नाही, उजेड पिवळा पडतो, स्विच आणि होल्डर मात्र तापतात. तापून वितळलेले होल्डर कुठल्याही गॅरेजच्या भंगारात सापडतील. ज्या गाडीला कंपनीनेच ३५ दिले आहेत तिला ३५ च.

एलईडीबद्दल माझं मत बहुतेकांना आवडत नाही. हॅलोजनसाठी घडवलेल्या डूमचा आरसा तंतू जिथे असतो त्या एका बिंदूभोवती आखलेला असतो. एलईडीच्या चिप त्या बिंदूवर नसल्या की उजेड सगळीकडे फेकला जातो. चालवणाऱ्याला समोर पांढरंशुभ्र दिसतं म्हणून तो खूश, आणि समोरून येणारा बंडीवाला आंधळा. धुरळ्यात आणि जानेवारीच्या धुक्यात तो पांढरेपणा आपल्याच डोळ्यांवर उलटतो. वर जुनी गाडी एसीवर असली तर फक्त डीसीचा एलईडी लुकलुकतो किंवा लवकर मरतो. बसवायचाच असेल तर खोक्यावर एसी आणि डीसी दोन्हीवर चालतो असं लिहिलेला घ्या, चिप डाव्या-उजव्या बाजूला येतील असा फिरवून बसवा, आणि भिंतीवर डिपरची वरची कडा स्पष्ट दिसते का ते बघा. कडा दिसत नसेल तर तो काढून ठेवा.

बल्ब बसवणं

होल्डर सरळ मागे ओढा, रबरी बूट काढा, तारेची क्लिप दाबून बाजूला करा. जुना बल्ब बाहेर. नवा धरताना बोट काचेला लावायचं नाही, धातूच्या बुडाला धरायचं. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तिथे काच जास्त तापते आणि बल्बचं आयुष्य घटतं. हात लागलाच तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या.

बुडाला तीन कान असतात, एका कानाची जागा वेगळी, त्यामुळे बल्ब एकाच तऱ्हेने बसतो. डिपरच्या तंतूखाली छोटी धातूची वाटी असते, ती खालच्या बाजूला यायला हवी. ती वाटी खालचा उजेड अडवते म्हणून डिपर जमिनीकडे झुकतो. बल्ब कसाबसा उलटा दाबून बसवला तर डिपर थेट समोरच्याच्या डोळ्यात.

रबरी बूट विसरू नका. जुन्या गाड्यांत तो हरवलेला असतो आणि कुणाला त्याची उणीव जाणवत नाही. त्याच्यावाचून काळ्या मातीचा धुरळा आणि गाडी धुतानाचं पाणी थेट आरशापर्यंत जातं. आरसा पुसायला जाऊ नका, त्यावरचा ॲल्युमिनियमचा पातळ थर कापडाला निघून येतो. काळवंडला किंवा फुगे आले असतील तर पूर्ण डूमच बदला. तिथे मात्र पैसे वाचवू नका. पातळ काचेच्या नकली डूमचा उजेड रस्त्यावर ठिपक्याठिपक्यांनी पडतो.

वायरींचे रंग

इथे नवखा माणूस फसतो, कारण रंग कंपनीगणिक बदलतात. हिरो होंडात निळी म्हणजे अप्पर, पांढरी म्हणजे डिपर, हिरवी म्हणजे अर्थ. यामाहात पिवळी अप्पर, हिरवी डिपर आणि काळी अर्थ. म्हणजे एका गाडीची अर्थ ती दुसऱ्या गाडीची डिपर. बजाजमध्ये अर्थला काळ्यावर पिवळी रेघ असते. आणि हे सगळं कंपनीच्या मूळ वायरिंगचं. मधे कुण्या मिस्त्रीने हाताला आली ती वायर जोडली असेल तर रंगाला काही अर्थ उरत नाही.

म्हणून रंगावर भरवसा ठेवण्यापेक्षा पारखून घ्या. तीन पात्यांच्या बल्बमध्ये आडवं वरचं पातं डिपरचं असतं. उरलेल्या दोन उभ्या पात्यांपैकी अर्थ कोणतं हे काढायला १२ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायरी घ्या. दोन-दोन पाती आळीपाळीने बॅटरीला क्षणभर टेकवा. एका जोडीला वाटीवरचा तंतू पेटेल, एका जोडीला मागचा, आणि एका जोडीला दोन्ही तंतू मंद पेटतील. या तिसऱ्या जोडीत जे पातं नव्हतं, ते अर्थ. होल्डर त्यानुसार जोडा.

गाडीच्या बाजूला उलटं करा. इंजिन चालू, स्विच डिपरवर. टेस्ट लॅम्पचं एक टोक इंजिनच्या धातूला, दुसरं एकेका वायरीला. जिच्यावर दिवा लागला ती डिपर. स्विच अप्परवर करून दुसरी ओळखा. कशावरच न लागणारी आणि चेसिसशी शून्य ओहम दाखवणारी ती अर्थ. ओळखली की लगेच टेपचा तुकडा लावून त्यावर नाव लिहा.

अप्परच्या वायरीतूनच स्पीडोमीटरमधल्या छोट्या निळ्या दिव्याला फाटा जातो. अप्पर टाकल्यावर तो लागत नसेल तर बरेचदा त्याचा कनेक्टर डूममध्येच सुटून पडलेला असतो.

जोड

बल्ब बसवायला पाच मिनिटं लागतात. जोडाला हवा तितका वेळ द्या.

वायर सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर तेवढं कापून टाका, लख्ख तांबं लागेपर्यंत मागे सरका. काळ्या तांब्यावर केलेला जोड पहिल्या दिवसापासून मंद. स्लीव्ह आधीच वायरीवर सरकवून ठेवा. बुलेट कनेक्टर वायरीवर नीट चापून बसवा, ओढून बघा, निघाला तर पुन्हा. सोल्डर येत असेल तर कनेक्टरच्या मागे थोडं टाका, पण वायर जिथे वाकते तिथे नको. सोल्डर केलेली वायर ताठ होते आणि थरथरीने त्याच कडेला तुटते. स्लीव्ह लायटरने तापवायची असेल तर वायर टाकीपासून दूर घ्या.

तीन जोड एकाच उंचीवर येऊ देऊ नका, दोन-दोन बोटं मागेपुढे ठेवा. मानेपाशी जोड ठेवायचाच नाही. तिथली वायर तुटली असेल तर डूमपासून टाकीखालपर्यंतचा पूर्ण तुकडा नवा टाका, आणि हँडल दोन्ही टोकांना फिरवून वायर ताणत नाही हे बघूनच पट्टा आवळा. मूळ वायर तिथे तुटली ती बहुधा कुणीतरी पट्टा फार कसून बांधल्यामुळेच.

अर्थिंगसाठी जुन्या वायरीवर विसंबू नका. गोल थिंबल लावलेली नवी वायर होल्डरपासून चेसिसच्या बोल्टपर्यंत न्या. बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून ग्रीस लावा. आरआर युनिटचा बोल्टही त्याच वेळी सोडून, घासून पुन्हा आवळा.

स्विच काळा असेल तर उघडायला दोनच स्क्रू असतात, पण आत बारीक स्प्रिंग आणि छर्रा असतो. पसरलेल्या पांढऱ्या कापडावर उघडा, नाही तर छर्रा अंगणात शोधत बसाल. तांब्याच्या टिकल्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. टिकल्या झिजून खोल गेल्या असतील तर नवा स्विच घ्या, तो महाग नसतो.

उजेडाची दिशा

सगळं बसवून पुन्हा रेस देऊन व्होल्ट मोजा. बल्बपाशी आणि आरआर युनिटपाशी आता अर्ध्या-एक व्होल्टचाच फरक राहायला हवा. तेवढं जमलं की डूम बंद करा.

शाळेची किंवा ग्रामपंचायतीची सपाट भिंत आणि समोर सपाट जागा बघा. टायरमध्ये हवा बरोबर भरा. गाडी भिंतीपासून ५ मीटरवर स्टँड काढून सरळ उभी करा आणि वर माणूस बसवा. हेडलाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्यावर खडूची रेघ मारा. डिपर लावा. उजेडाची वरची कडा त्या रेघेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली यावी. डूमच्या बाजूचे बोल्ट थोडे ढिले करून तो झुकवायचा, किंवा खाली एखादा स्क्रू असेल तर तो फिरवायचा. अप्परला वेगळं जुळवावं लागत नाही, एकाच डूममध्ये दोन्ही असल्याने तो आपोआप बसतो.

मागे रोज दुधाचे कॅन लावून जाणाऱ्यांनी हे माप कॅन भरून लावलेले असतानाच घ्यायचं. रिकाम्या गाडीवर जुळवलेला दिवा मागचा भाग दबला की झाडांच्या शेंड्यावर जातो. कधी एकटं, कधी मागे बाई आणि पोरं असं ज्यांचं असतं त्यांनी भरल्या गाडीवर जुळवावं. एकटे असताना उजेड थोडा जवळ पडेल, पण समोरच्याच्या डोळ्यात जाणार नाही.